पट्ट्यावरच्या दोन खुणा

आत्याच्या दुकानात बॅग दुरुस्तीला न्यायची तर हाताशी वेळ ठेवून जावं. तुमचं काम साधं असतं, चेन तुटली आहे, बसवून द्या. पण ती बाई बॅग हातात घेणार, उलटी करणार, आत हात घालून अस्तर चाचपणार आणि मग चष्म्याच्या वरून बघत विचारणार, "ही तुम्ही डाव्या खांद्यावर घेता ना?" तुम्ही हो म्हणालात की पुढचा प्रश्न तयारच. "उजवा दुखतो का?" आता बोला! चेन बसवायला आलेला माणूस खांद्याचं दुखणं सांगतो, त्या ओघात साहेबांचा जाच सांगतो, मेव्हण्याशी का बोलणं नाही तेही सांगतो आणि अर्ध्या तासाने हलका होऊन बाहेर पडतो. आणि चेन? चेन उद्या.

ती मुळात कुणाची आत्या हे आता कुणाला आठवतही नाही. भाच्याने कधीकाळी दारातून हाक मारली असेल, तीच साऱ्या गल्लीने उचलली. ती आत्या, म्हणून तिचा नवरा आपोआप आतोबा. आतोबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. सगळी हयात दारोदार टपाल वाटण्यात गेल्यामुळे त्यांना दोन गोष्टींचं ज्ञान पक्कं होतं: कुठल्या घरात कोण कसं बोलतं आणि कुठल्या घरातलं कुत्रं कसं चावतं. दुसऱ्या ज्ञानाचा पुरावा त्यांच्या पोटरीवर होता आणि तो ते मागितल्याशिवायच दाखवत.

आत्याची ही खोड जन्मजात. शाळेत जायला लागली तेव्हा बापाने नवंकोरं दप्तर आणलं, ते हिने पहिल्याच दिवशी उसवलं. का, तर त्याचे दोन पट्टे आत कुठे जातात ते बघायचं होतं. आईने पाठीत धपाटा घातला. बापाने दप्तर परत शिवून दिलं. ते शिवताना बघायला मजा आली म्हणून हिने पुढच्या आठवड्यात ते पुन्हा उसवलं. लग्नानंतर सासूबाईंच्या उशीची पाळी आली. सासूबाई म्हणाल्या, "ही सून नव्हे, उंदीर आणलाय आपण घरात." पण उसवलेलं ती जसंच्या तसं शिवून ठेवायची, वर पहिल्यापेक्षा मजबूत, हेही खरं होतं. म्हणून त्याच सासूबाईंनी पुढे आपलं शिवणयंत्र तिच्या हवाली केलं.

इतकी वर्षं बॅगा हाताळून तिने आपलं असं एक शास्त्र बनवलं होतं. पट्ट्यावरची सरकती कडी रोज एकाच जागी बसते, तिथलं कापड घासून गुळगुळीत होतं, चकाकायला लागतं. त्या खुणेवरून माणूस उंच की बुटका, बॅग खांद्यावर घेतो की पाठीवर, सगळं ती ओळखायची. एखाद्या पट्ट्यावर दोन जागी चकाकी दिसली तर समजायचं, माणूस थंडीत जाड कोट घालतो. कोटावरून पट्टा लांब लागतो, कोट गेला की आखूड. या शास्त्राचा तिला जरा ताठाही होता, खोटं कशाला बोला.

अशा या आत्याकडे एका सकाळी समोरच्या इमारतीतली एक सून आली. तिला सगळे ड्रायव्हरदादांची सून म्हणूनच ओळखायचे. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात कुत्री, आणि चेहऱ्यावर उशीर. दाताच्या दवाखान्यात ती डॉक्टरच्या मदतनीसाचं काम करायची, आणि तिथे उशीर झालेला चालत नाही.

कुत्री बघताच आतोबांनी दोन्ही पाय स्टुलावर घेतले.

"काही करत नाही ती," सून म्हणाली.

"हे वाक्य मी हजार दारांत ऐकलंय," आतोबा म्हणाले. "त्यातल्याच एका दारात पोटरी दिली."

कुत्रीचं नाव सुतळी, आणि ते तिला अगदी शोभणारं होतं. लांबोडकं तोंड, मान आणि डोकं एकाच मापाचं, छाती खोल आणि तिच्यामागे पोट एकदम आत गेलेलं. तिच्या अंगात छातीवरून आणि पोटाखालून जाणारा पट्टा होता, दुकानवाले ज्याला हार्नेस म्हणतात तो. पाठीवर कडी आणि कडीला हातात धरायची दोरी.

"आत्या, ही यातून सुटते," सून म्हणाली. "काहीतरी करा. नाहीतर मी हिला भावाकडे पाठवणार आहे. त्याच्याकडे मोकळी जागा आहे, बांधायचीच गरज नाही."

"सुटते म्हणजे? तुझ्या हातून?"

"माझ्या हातून कधीच नाही. बाबांच्या हातून सुटते. सकाळी मी नेते, संध्याकाळी ते नेतात. कुठे मोठा आवाज झाला की ही बिचकते आणि क्षणात बाहेर. मागच्या वेळी तिला धरायला गेले आणि पडले ते. कोपर फुटलं."

ड्रायव्हरदादा म्हणजे तिचे सासरे. सगळा जन्म त्यांनी बस चालवली होती. वर्षापूर्वी त्यांना लकवा मारला. उजवा हात कायमचा लुळा झाला, उजवा पाय ओढत चालायचे आणि बोलणं तर पार गेलं. तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला, 'चला'. चहा हवा तरी चला, नको तरी चला, राग आला तरी चला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, पण माणूस घराबाहेर पडायला तयार नव्हता. पडायचा तो फक्त सुतळीसाठी. संध्याकाळी ती दाराशी जाऊन उभी राहिली की तेही उठायचे.

"मग ही गेली तर ते चालणार कुणासाठी?" आत्याने विचारलं.

सुनेने पर्स या हातातून त्या हातात घेतली. "नाही चालणार. कळतं हो मला. पण रस्त्यात गाडीखाली आले तर? मी तिकडे लोकांच्या तोंडात आरसा धरून उभी असते, आत्या, आणि माझं सगळं लक्ष फोनकडे असतं. ह्यांची कारखान्यात पाळी असते. मी एकटी कुठे कुठे पुरी पडू?"

"संध्याकाळी त्यांना पट्टा कोण घालून देतं? एका हाताने कसा जमणार?"

"शेजारच्या वहिनी. तसं सांगूनच ठेवलंय मी. बाबांनी फक्त त्यांची बेल वाजवायची."

आत्याने मान हलवली आणि पट्ट्याकडे वळली. सुनेला म्हणाली, जा तू, दवाखान्यातून परत येशील तेव्हा घेऊन जा दोघांना. म्हणजे कुत्रीला आणि पट्ट्याला. आतोबांनी स्टुलावरून हात जोडले, पण त्यांच्याकडे बघतं कोण!

कुत्र्याचा पट्टा आत्याने याआधी कधी शिवला नव्हता. त्यामुळे तिला कोण आनंद झाला! सुतळीला बिस्किटाचा तुकडा देऊन तिने आधी नुसतं चाचपलं. पुढच्या पायांच्या मागे, बगलेत, केस झडले होते आणि कातडी लाल झाली होती. पट्टा सैल असला की चालताना पुढे सरकतो आणि तिथे घासतो, हे तिच्या लगेच लक्षात आलं. पण पट्टा तर सैल नव्हता. त्याच्याखाली तिची दोन बोटं सरळ जात होती, तिसरं जात नव्हतं. हवं तसंच होतं ते. सुनेने नीट बघून घातला होता. मग घासलं कसं?

तिने कडी सरकवून बघितली. खाली दोन चकाक्या होत्या. एक कडीच्या जागी आणि दुसरी पार टोकाला, जिथे पट्टा पुरता सैल होतो.

"आहे काय यात," आत्या म्हणाली. "थंडीत जाड होत असेल, उन्हाळ्यात बारीक."

"ही?" आतोबांनी सुतळीच्या बरगड्यांकडे बघितलं. "ही कधी जाड झाली असेल?"

"तुम्हाला काय कळतंय कुत्र्यांतलं!"

"कळतंय तेवढं पोटरीवर आहे," आतोबा म्हणाले. आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. आपल्या शास्त्रावर विश्वास ठेवून ती पुढच्या कामाला लागली होती.

बॅगेचा पट्टा तपासायची तिची रीत ठरलेली. वरून धरायचं, उचलायचं, हिसका द्यायचा. तिने सुतळीच्या पाठीवरची कडी धरली आणि उचललं. सुतळीचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. तिने मान वळवून आत्याकडे असं बघितलं की आतोबा म्हणाले, "आधी माफी माग तिची." पट्टा मात्र जागचा हलला नाही. शिलाई घट्ट, बक्कल घट्ट, सगळं ठाकठीक. आणि तरीही ही सुटते! आत्याच्या डोक्यातला किडा वळवळायला लागला.

"अहो, ती आवाजाला बिचकते म्हणजे काय करते?"

"काय करणार? मागे सरकते," आतोबा म्हणाले. "फाटकातून हात आत घातला की कुत्रं अंगावर येतं असं लोकांना वाटतं. भित्रं असेल तर ते मागे जातं. शेपूट घालून, डोकं खाली करून."

"मागे," आत्या म्हणाली. "बॅग कधी मागे जात नाही हो."

मग तिने जे केलं ते गल्लीत अजून सांगतात. जुन्या पाठबॅगेचे पट्टे जोडून तिने आपल्या मापाचा तसाच सांगाडा बनवला, गळ्यात घातला, काखेखालून बक्कल लावलं आणि दुकानाच्या मधोमध चक्क रांगत उभी राहिली. दोरी दिली आतोबांच्या हातात.

"ओढा."

"अगं, कुणी येईल."

"येऊ दे. ओढा म्हणते ना!"

आतोबांनी ओढलं. आत्या पुढे गेली, काही झालं नाही. डावीकडे गेली, उजवीकडे गेली. मग तिने डोकं खाली घातलं आणि मागे सरकली. हात पुढे लांबले, खांदे जवळ आले, छातीचा घेर कमी झाला आणि पट्टा काखेतून सुटून सरळ कानांपर्यंत आला. चष्मा उडाला. त्याच क्षणी दारात विमा एजंट उभा. त्याने रांगणाऱ्या आत्याकडे बघितलं, दोरी धरलेल्या आतोबांकडे बघितलं, त्यांच्याकडे टक लावून बसलेल्या कुत्रीकडे बघितलं, आणि म्हणाला, "मी नंतर येतो."

"थांबा, थांबा!" आत्या जमिनीवरूनच ओरडली. "मला काय कळलं ते ऐकून तरी जा!" पण तो गेला तो गेलाच. त्या दुकानात विमा विकायला तो पुन्हा कधी आला नाही.

कळलं ते असं. मागे सरकताना अंग बारीक होतं आणि पट्टा डोक्याच्या दिशेने निघतो. मग त्याला अडवायला मागे आणखी एक पट्टा हवा. छातीच्या पिंजऱ्याच्या मागे, जिथे सुतळीची कंबर एकदम आत जाते तिथे. तो आवळायचीही गरज नाही. नुसता तिथे असला तरी पुरे, कारण रुंद छातीवरून तो पुढे येऊच शकत नाही. आत्याने तसा तिसरा पट्टा जोडला, जोडावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप मारली, बगलेत लागणाऱ्या भागाला आतून मऊ कापड लावलं आणि छातीवरचा जोड गळ्यापासून खाली, हाडावर येईल असा घेतला, म्हणजे खांदे मोकळे राहतील. संध्याकाळी सून आली तेव्हा आत्याने तिच्यासमोर सुतळीच्या नाकाशी बिस्कीट धरून तिला मागे मागे सरकवलं आणि दोरी ओढली. पट्टा तसूभर हलला नाही.

"बाई गं!" सून म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. "आत्या, पण परत सुटली तर मात्र मी ऐकणार नाही. भावाला मी बोलून ठेवलंय."

"सुटायची नाही," आत्याने छाती ठोकून सांगितलं.

आणि चार-पाच दिवसांनी संध्याकाळी सुतळी एकटीच दुकानात येऊन उभी राहिली. अंगावर पट्टा नाही, दोरी नाही, काही नाही. जीभ बाहेर. तिला बिस्किटं आठवली असणार, दुसरं काय!

आत्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. आतोबा, काय करताहेत हे स्वतःला कळायच्या आत, उठून तिच्या मागे गेले आणि दुकानाचं दार लोटलं. काचेतून बघतात तो रस्त्यापलीकडून ड्रायव्हरदादा येत होते. उजवा पाय ओढत, घामाघूम, डाव्या हातात रिकामा हार्नेस. त्यांना आत घेतलं तेव्हा ते धापा टाकत होते. सुतळीला बघून ते भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

"चला," ते पुटपुटले. मग डोळे उघडून त्यांनी आपल्या इमारतीकडे बोट केलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं. डोळ्यांत पाणी होतं. सुनेला सांगू नका, एवढंच ते म्हणत होते, आणि ते कळायला कुणाला शब्द लागणार होते?

आत्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हार्नेस हातात घेतला. तिला राग आला होता, स्वतःचाच. हे सुटूच शकत नाही! तिने बघितलं. तिसऱ्या पट्ट्याचं बक्कल उघडंच होतं, कुणी लावलंच नव्हतं. आणि बाकीच्या पट्ट्यांच्या कड्या पार टोकाला सरकवलेल्या. सगळं सैल. कडी बरोबर त्या दुसऱ्या चकाकीवर.

"ड्रायव्हरदादा," ती हळूच म्हणाली, "शेजारच्या वहिनींनी घालून दिला का हा?"

ते जमिनीकडे बघत राहिले.

"बेल वाजवलीत का त्यांची?"

"चला," ते म्हणाले. त्याचा अर्थ नाही असाच होता.

"ती बेल मीही कधी खुशीने वाजवली नाही," आतोबा मध्येच म्हणाले. "दार उघडायच्या आधीच आतून ओरडते, आता काय! पाकीट देऊन आपण पुढे जातो, पण रोज जायचं म्हणजे…"

आत्याने हार्नेस त्यांच्या मांडीवर ठेवला. "मला दाखवा. तुम्ही एकटे कसा घालता ते."

आधी ते तयार होईनात. मग सुतळीच पुढे आली आणि त्यांच्या गुडघ्यांमध्ये डोकं घालून उभी राहिली, रोजची सवय असल्यासारखी. ड्रायव्हरदादांनी छातीचं बक्कल न उघडताच पट्टा डाव्या हाताने तिच्या डोक्यावरून सरकवला. मग वाकून तिचा एक पाय त्यातून काढला, मग दुसरा. त्यासाठीच सगळं इतकं सैल करावं लागत होतं. शेवटी कमरेचं बक्कल. एक टोक दातांत धरलं, दुसरं हातात. पण बक्कलाचे दोन भाग समोरासमोर येईनात. एक आला की दुसरा फिरायचा. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. कपाळावर घाम आला. सुतळी बिचारी हलली नाही. आणि ज्या माणसाने गर्दीच्या रस्त्यातून सबंध बस फिरवली, तो ते इवलंसं बक्कल सोडून खुर्चीत मागे टेकला.

त्या दोन चकाक्या आत्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. त्यांत जाड-बारीक काही नव्हतं. एक खूण होती सुनेच्या दोन हातांची, आणि दुसरी त्यांच्या एका हाताची.

"मी कुत्रीचं माप घेतलं," ती आतोबांना म्हणाली. "आणि घालणाऱ्याचं घेतलंच नाही. अक्कल गहाण ठेवली होती मी."

"आता सोडवून आण," आतोबा म्हणाले. "वेळ कमी आहे. सून येईल."

आत्या उठली आणि तिने मागचा डबा उपडा केला. एका फोटोवाल्याने मोडीत दिलेल्या बॅगेची बक्कलं तिने त्यात जपून ठेवली होती. चुंबकाची बक्कलं ती. दोन भाग नुसते जवळ नेले की आपोआप खट्कन बसायचे, आणि मग कितीही ओढा, उघडायचे नाहीत. अंगठ्याने बाजूला सरकवलं तरच सुटायचे. तसली तीन मिळाली होती. एक तिने हौसेने स्वतःच्या पर्सला लावलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती खट्-खट् करून दाखवायची. उरलेली दोन डब्यात होती.

तिने जुनी बक्कलं उसवली. हात काय चालत होता तिचा! नवी दोन्ही बसवली, एक छातीच्या पट्ट्याला, एक कमरेच्या, आणि दोन्ही डाव्या हाताला येतील अशी. खालच्या भागाला मागून जाड चामड्याचा तुकडा लावला, म्हणजे तो फिरणार नाही, कुत्रीच्या कुशीवर सपाट पडून राहील. कड्या सुनेच्या खुणेवर आणल्या आणि तिथेच टाके घालून कायमच्या बंद केल्या. आता सैल करायचं कारणच नव्हतं. आतोबा यंत्राशेजारी उभे राहून दोरा कापून देत होते आणि सुतळी त्यांच्या पायावर बसली होती, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शेवटची टीप पडत होती तोच दार उघडलं. सून. घरी कुणी नाही म्हणून बघायला आलेली. तिने सासऱ्यांचा घामेजलेला सदरा बघितला, कुत्रीचं उघडं अंग बघितलं आणि ती दारातच थबकली.

"सुटली ना?"

ड्रायव्हरदादांनी आत्याकडे बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं, दुरुस्तीला आणलंय म्हटलं की संपलं. पण आत्याला ते जमेना.

"सुटली," ती म्हणाली. "बस तू जरा."

"मला बसायचं नाही. मी भावाला फोन करते."

"कर. पण आधी हे बघ." आत्याने तिला पट्ट्यावरच्या दोन खुणा दाखवल्या आणि सगळं सांगितलं. वहिनींची न वाजवलेली बेल, सैल केलेल्या कड्या, दातांत धरलेलं बक्कल. सून ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू पडत होता.

"बाबा, मला सांगायचं ना! मी घालून गेले असते. मी दहा वेळा घातला असता."

"चला," ड्रायव्हरदादा खाली मान घालून म्हणाले.

"तू घालशील गं," आत्या म्हणाली. "तू जेवायला घालतेस, गोळ्या देतेस, त्यांची नखंसुद्धा तूच काढत असशील. दिवसात एक गोष्ट अशी आहे जी ते दुसऱ्याला करतात, आणि ती म्हणजे या कुत्रीला फिरायला नेणं. त्यासाठीही कुणाच्या दारात उभं राहायचं?"

आत्याने यंत्राखालून हार्नेस काढला, दोरे झटकले आणि तो ड्रायव्हरदादांच्या हातात दिला. सुतळी उठली, त्यांच्या गुडघ्यांत डोकं घालून उभी राहिली. त्यांनी उघडा पट्टा तिच्या डोक्यावरून घातला. छातीचं टोक पोटाखालून घेऊन नुसतं कुशीजवळ नेलं. खट्! ते दचकले. त्यांनी हाताकडे बघितलं, बक्कलाकडे बघितलं. मग कमरेचं टोक घेतलं. खट्! मग सुतळीच्या पाठीवरून त्यांनी दोन बोटं पट्ट्याखाली घालून बघितली, अगदी सावकाश, आणि मान हलवली.

"पण आवाज झाला तर?" सुनेचा धीर होईना.

"अहो, तो डबा!" आत्या म्हणाली.

आतोबांनी कड्यांनी भरलेला पत्र्याचा डबा उचलला आणि सबंध फरशीवर ओतला. काय तो आवाज! सुतळीने डोकं खाली घातलं, पाय रोवले आणि सगळ्या अंगाने मागे ओढलं. सून "बाबा!" म्हणून धावली. त्यांनी डावा कोपर बाहेर काढून तिला अडवलं आणि दोरी सोडली नाही. पट्टा कमरेपाशी छातीला अडला आणि तिथेच राहिला. सुतळी आणखी एकदा ओढून बघून थांबली. मग तिने अंग झटकलं आणि आतोबांकडे रागाने बघितलं.

"मी नाही, हिने सांगितलं," आतोबा म्हणाले.

सून रडत होती आणि हसतही होती. तिने डोळे पुसले. फोन पर्समध्ये टाकला. सासऱ्यांना म्हणाली, "जेवायला आठला तरी या," आणि त्यांची वाट न बघता एकटी घरी गेली. मागे वळून बघायचं तिने कसं टाळलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी आत्या दुकान उघडतेय तोच ड्रायव्हरदादा हजर, सुतळीला घेऊन. आता काय झालं म्हणून आत्याने आधी सुतळीकडे बघितलं. पण हार्नेस जागच्या जागी होता. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि फळीवर ठेवलं. तो त्यांचा कमरेचा चामडी पट्टा होता, नोकरीतला, रुंद, एकाच भोकाशी फाकलेला. आजारपणापासून ते इलॅस्टिकच्या पायजम्यातच फिरत होते, आत्ताही त्याच पायजम्यात उभे होते. त्यांनी सुतळीच्या कुशीवरच्या बक्कलाकडे बोट दाखवलं. मग ते बोट स्वतःच्या कमरेकडे वळवलं आणि आत्याकडे बघत राहिले.

आतोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. या पट्ट्यावर आता ही काय काय विचारणार, किती वेळ लागणार, याची त्यांना पुरी कल्पना होती. ते भोक कधी फाकलं, वजन किती उतरलं, पँट कुठली घालणार, कुठे निघालात.

आत्याने एकही प्रश्न विचारला नाही. तिने खुंटीवरची आपली पर्स काढली, ती मांडीवर घेतली आणि ब्लेडने तिचं बक्कल उसवायला लागली.

"चला," ड्रायव्हरदादा म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.